व्यावसायिक टेनिसपटूची वाटचाल (बेळगाव सीमाभाग)

टेनिस हा उपजीविकेचा व्यवसाय म्हणून पत्करणाऱ्या खेळाडूने कुमार गटापासून आंतरराष्ट्रीय क्रमवारीपर्यंत चढलेल्या पायऱ्या. प्रस्तुत नोंदीत या पायऱ्यांकडे बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी घरांच्या बाजूने पाहिले आहे. खेळाचे नियम गृहीत धरले आहेत.

व्यावसायिक टेनिसचा आरंभ कधीचा, याविषयी मतभेद आहेत. एक मत १९२६ चे : त्या वर्षी अमेरिकन प्रवर्तक सी. सी. पाइल याने फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेन हिला मानधन देऊन प्रदर्शनीय सामन्यांच्या दौऱ्यावर नेले. दुसरे मत १९६८ चे : एप्रिलमध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा भरली आणि हौशी व व्यावसायिक खेळाडू एकाच ड्रॉमध्ये (सामन्यांच्या जोड्यांच्या तक्त्यात) उतरले. दोन्ही मतांना आधार आहे. तथापि नवख्या खेळाडूने खालून वर कसे यायचे हे या दोन्ही घटनांनी ठरवले नाही. ते ठरले २३ ऑगस्ट १९७३ रोजी, पुरुषांची पहिली संगणकीय क्रमवारी निघाली तेव्हा. महिलांची क्रमवारी ३ नोव्हेंबर १९७५ रोजी आली. तोपर्यंत प्रवेश बराचसा आयोजकांच्या पसंतीवर असे. म्हणून ‘वाटचाल’ या अर्थाने १९७३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

या चर्चेत भारतीय जिमखान्यांतला ‘मार्कर’ मात्र हमखास सुटतो. हा शब्द जुन्या, बंदिस्त भिंतींतल्या टेनिसमधला. चेंडूचा दुसरा टप्पा कोठे पडला ते पाहून गुण पुकारणारा नोकर तो मार्कर. भारतात या शब्दाचा अर्थ सभासदांबरोबर रोज खेळणारा पगारी माणूस असा झाला. रॅकेट हातात धरून पोट भरणारा इथला पहिला टेनिसपटू तोच म्हणावा लागेल. पण पैसे घेतो एवढ्याच कारणाने हौशी स्पर्धांचे दार त्याला बंद होते. बेळगाव हे छावणीचे शहर. कॅम्प भागात हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आला असावा, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत. कारण इंग्लंडमधील मेजर विंगफील्डने लॉन टेनिसचे पेटंटच १८७४ मध्ये घेतले.

‘लॉन’ हा शब्द संघटनांच्या नावांत राहिला, तरी या भागातील हवेत हिरवळीचे कोर्ट टिकवणे कठीण. मातीचे कोर्ट म्हणजे दुपारी पाणी मारायचे, ओल मुरली की रूळ फिरवायचा, मग चुन्याच्या रेघा. जून ते सप्टेंबर हे सगळे थांबते. पश्चिमेकडे, खानापूरच्या अंगाला, पाऊस आणखी जास्त. सिंथेटिक हार्ड कोर्टावर उघडीप मिळताच वायपरने पाणी ओढून खेळता येते आणि आजच्या बहुतेक भारतीय स्पर्धाही त्याच पृष्ठभागावर होतात. मातीवर वाढलेल्या मुलाला उसळलेल्या चेंडूची वाट पाहायची सवय असते. हार्ड कोर्टावर तेवढा वेळ मिळत नाही. पायांची ही फेरजुळणी कोचसाठी वर्षभराचे काम असते.

वाटचालीचा पहिला टप्पा अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या (आयटा) १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील स्पर्धांचा : टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज. सीमाभागातील मूल नोंदणीने कर्नाटकाचे असते. परंतु क्रमवारीच्या स्पर्धा देशभरातील खेळाडूंना खुल्या असल्याने ते कोल्हापूर-पुण्यात खेळून तितकेच गुण मिळवू शकते. ही सोय फार मोलाची आहे. बेळगावहून धारवाड सुमारे ८० किमी, कोल्हापूर ११०, पुणे ३४० आणि बंगळूर ५०० किमी. पात्रता फेरीसाठी आदल्या दिवशी साइन-इन (हजर राहून नाव नोंदवणे) असते, म्हणजे एका सामन्यासाठी दोन मुक्काम. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून, गटिंग केलेल्या (तारा ओढलेल्या) दोन रॅकेट उशाशी ठेवून बंगळूर गाठायचे आणि पहिल्याच फेरीत हरून परतायचे, हा या वाटेवरचा नेहमीचा अनुभव. सीमाभागातील पैलवानाला इनाम गावच्या जत्रेतल्या मैदानातच मिळते. टेनिसच्या गुणासाठी मात्र गाव सोडावेच लागते.

१३ ते १८ वयात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) कुमार स्पर्धा खेळता येतात. तिथले गुण वरिष्ठ क्रमवारीत धरले जात नाहीत, हे अनेक पालकांच्या उशिरा ध्यानात येते. वरिष्ठ पुरुषांची सर्वांत खालची पायरी एम१५ : एकूण बक्षीस १५,००० डॉलर, विजेत्याला १५ गुण. पहिली फेरी जिंकणाऱ्याला एकच गुण. एकेरीतील विजेत्याला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळत. एवढ्यात आठवड्याचा राहण्याजेवणाचा खर्चही जेमतेम भागतो. पुढे एम२५, मग चॅलेंजर, त्यानंतर एटीपी (व्यावसायिक पुरुष टेनिसपटूंची संघटना) हिच्या २५०, ५००, १००० या दर्जांच्या स्पर्धा आणि शेवटी ग्रँड स्लॅम, जिथे विजेत्याला २,००० गुण असतात. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणांच्या ड्रॉमध्ये साधारणपणे १०४ जण क्रमवारीवर थेट येतात, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या प्रवेशावर). गुण ५२ आठवड्यांनी गळतात. दुखापतीने घरी बसलेला खेळाडू म्हणूनच इतक्या लवकर खाली येतो. आयटीएफची पुरुषांची स्पर्धा २०२३ मध्ये धारवाडला झाली. जागतिक क्रमवारीचा गुण बेळगावपासून दोन तासांच्या अंतरावर आला, ही या भागासाठी मोठी घटना होय.

कुमार यश आणि वरिष्ठ यश यांचा संबंध सरळ नाही. रमेश कृष्णन (१९७९), लिअँडर पेस (१९९०) हे विम्बल्डनचे कुमार विजेते पुढेही टिकले. उलट कोडगूचा रोहन बोपण्णा उशिरा बहरला : त्याने पुण्यात प्रशिक्षक नंदन बाळ यांच्याकडे सराव केला आणि ४३ व्या वर्षी, २०२४ मध्ये, मॅथ्यू एबडेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपद मिळवून दुहेरीत जगात पहिला क्रमांक गाठला. कर्नाटकात वाढायचे आणि महाराष्ट्रात घडायचे, ही वाट सीमाभागाला परकी नाही. तिसरी वाट अमेरिकन विद्यापीठांची. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये तेथील आंतरविद्यापीठ एकेरी जिंकली.

मुलींच्या बाबतीत पायऱ्या डब्ल्यू१५ पासून सुरू होतात. अठरा वर्षांपर्यंत वर्षाला किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली.

क्रमवारीत पहिल्या दोनशे-अडीचशेच्या आत न पोचलेले बहुतेक खेळाडू पंचविशी-तिशीत कोचिंगकडे, रेल्वे वा आयकर खात्यातील क्रीडा कोट्याच्या नोकरीकडे वळतात. काही जण क्लबातच राहतात : सकाळी मुलांची बॅच, संध्याकाळी सभासदांबरोबर खेळ, मधल्या वेळेत गटिंगच्या यंत्रावर ५०-५५ पौंडांना तारा ओढणे. जुने सभासद त्यांना अजूनही मार्करच म्हणतात.