पिशवीतून घरी गेलेली गोष्ट

शुक्रवारी बालवर्ग सुटताना मुलाच्या हाती एक कापडी पिशवी येते. आत गोष्टीचं पुस्तक, त्यातल्या प्राण्याची बोटात घालायची बाहुली, क्रमानं लावायची चार-पाच चित्रं, एखादा फाशाचा खेळ आणि पातळशी वही. घरी कुणीतरी वाचून दाखवायचं, मुलानं चित्रं लावायची, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि सोमवारी पिशवी परत. आता हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यामागे काही इतिहास असेल असं वाटतही नाही. पण घराच्या हाती पुस्तक द्यावं की देऊ नये, यावर शाळेनं बऱ्याच कोलांट्या मारल्या आहेत.

कल्पना तशी जुनी. सतराव्या शतकातले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठीचं सचित्र पुस्तक 1658 साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. प्रस्तावनेत त्यांनी सांगितलंय की शाळेत घालायच्या आधीच हे मुलांच्या हाती द्यावं, घरी चित्रं बघत त्यांना हवं तसं रमू द्यावं. ना पाठांतर, ना परीक्षा.

पुस्तकाला कृतीची जोड दिली ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. 1837 मध्ये ब्लँकेनबुर्गला त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. 1844 साली त्यांचा आई आणि मुलासाठीच्या गाण्यांचा संग्रह आला. त्यात आईला उद्देशून काही ओळी, मुलासाठी गाणं, सोबत चित्र आणि बोटांचा खेळ कसा करायचा तेही चित्रातच. आजच्या पिशवीचा आराखडा जवळजवळ तयार होता. फक्त सूर शिकवणीचा होता: आईला नीट आई व्हायला शाळा शिकवणार!

1851 मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यानं किंडरगार्टनवर बंदी घातली, ती 1860 मध्ये उठली. तोवर ही पद्धत इतर देशांत पोचू लागली होती. अमेरिकेत सुरुवातीच्या बालशिक्षिका सकाळी वर्ग घेत आणि दुपारी घरोघरी जात, आयांच्या बैठका घेत. 1873 मध्ये सुझन ब्लो यांनी सेंट लुईसच्या सार्वजनिक शाळेत बालवर्ग सुरू केला, मग इतर शहरांतही ते निघाले. मुलं वाढली, खर्चाचा प्रश्न आला आणि एकाच शिक्षिकेकडे दोन पाळ्या आल्या. दुपार गेली, तशा घरभेटीही गेल्या. घर आणि शाळा यांच्यातला दुवा विचारानं नव्हे, वेळापत्रकानं तुटला, हे मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत बोलकं वाटतं.

पुढचा फटका मात्र विचाराचाच होता. 1931 च्या मॉर्फेट आणि वॉशबर्न या अमेरिकी अभ्यासकांच्या पाहणीनं मानसिक वय (बुद्धिचाचणीतून ठरणारं) साडेसहा वर्षं झाल्याशिवाय वाचन शिकवू नये असं मत रुजवलं. मग पालकांना सांगणं सोपं झालं: तुम्ही मध्ये पडू नका, शाळा बघून घेईल.

या समजाला तडा दिला तो अमेरिकी संशोधक डोलोरेस डर्किन यांनी. शाळेत येण्याआधीच वाचायला लागलेल्या मुलांवरचं त्यांचं पुस्तक 1966 साली आलं. ही मुलं काही विलक्षण बुद्धीचीच होती असं नाही. त्यांना घरी कुणीतरी वाचून दाखवत होतं, प्रश्नांना उत्तरं देत होतं. कुठे मोठी भावंडं 'शाळा-शाळा' खेळत होती. यातली बरीच मुलं आधी कागद-पेन्सिल घेऊन गिरगटणारी होती.

मग लंडनच्या हॅरिंगे भागातला 1976 ते 1978 चा प्रयोग. मुलं थोडी मोठी, सहा-सात वर्षांची. काही वर्गांतली मुलं पुस्तक घरी नेत आणि आईवडिलांना वाचून दाखवत. काहींना शाळेतच जादा शिक्षिकेची मदत होती. पुढे गेली ती घरी वाचणारी मुलं. त्यातल्या काही पालकांना इंग्रजी धड येत नव्हतं, काहींना वाचताच येत नव्हतं. तरी त्यांचं शेजारी बसून ऐकणं कामी आलं.

शेजारी बसून बोलायचं काय, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तपासलं. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी नुसतं वाचत सुटू नका, विचारा, असं शिकवलं. 'हा कुत्रा आहे ना?' असं नाही, तर 'हा काय करतोय?' असं. मूल 'पळतोय' म्हणालं की आपण 'हो, घाबरून पळतोय' म्हणत वाक्य वाढवायचं. महिन्याभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. पिशवीतलं सूचनांचं कार्ड याच वळणाचं असतं, निदान असायला हवं. अनेक ठिकाणी त्याच्या जागी रंगवा-जोड्या लावा छापाचा कागद येतो आणि रविवारी रात्री तो कसाबसा उरकला जातो.

पिशवीला आजचं रूप दिलं ते इंग्लंडमधले मुख्याध्यापक नील ग्रिफिथ्स यांनी, 1990 च्या दशकात, 'स्टोरीसॅक' या नावानं. गोष्टीचं पुस्तक, त्याच विषयावरचं माहितीचं पुस्तक, बाहुल्या, खेळ, पालकांसाठी कार्ड आणि गोष्टीची कॅसेट, म्हणजे वाचता न येणाऱ्या घरातही गोष्ट ऐकता यावी. पिशव्या शिवायला पालकच शाळेत जमू लागले. एरवी फक्त बोलावणं आल्यावर शाळेची पायरी चढणारी माणसं आता सुई-दोरा घेऊन आत बसली होती.

कॅसेट गेली, सीडी आली. आता पिशवीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. फासा मात्र अजूनही सोमवारी हरवलेलाच असतो.