सोलापुरी टेरी टॉवेल : निर्यात व जागतिक खरेदी

सोलापूर शहरातील यंत्रमागांवर विणल्या जाणाऱ्या, अंगावर सुती फासांची लव असलेल्या टॉवेलांचा परदेशी व्यापार. आयातदार किंवा मोठा दुकानदार स्वतः माग चालवत नाही. नमुना, वजन, रंग व भाव ठरवून तो निरनिराळ्या देशांतील कारखानदारांकडून माल बनवून घेतो. या पद्धतीला वस्त्रव्यवसायात सोर्सिंग असे नाव आहे. सोलापुरात ‘ऑर्डरचे काम’ एवढाच शब्द पुरतो. शहराची ओळख सर्वसामान्यांना चादरीमुळे आहे. परंतु निर्यातीच्या दृष्टीने टॉवेलाचे महत्त्व तिच्याहून अधिक असल्याने प्रस्तुत नोंदीत टॉवेल मध्यवर्ती धरला आहे.

नाव व उगम : ‘टेरी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘ओढलेला’ या अर्थाच्या ‘तिरे’ या फ्रेंच शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो, तर काही कोशकार तो अनिश्चित व्युत्पत्तीचा मानतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द मखमलीच्या विणीतील न कापलेल्या फासासाठी वापरात होता. तो टॉवेलापेक्षा जुना आणि मुळात विणकामातील असल्यामुळे फ्रेंच मूळ अधिक संभाव्य वाटते. मराठीत मात्र ‘टर्किश टॉवेल’ हे नाव रुळले असून त्यात या कापडाच्या प्रवासाची खूण उरली आहे. ऑटोमन साम्राज्यातील बुर्सा हे शहर अशा कापडासाठी प्रसिद्ध होते आणि टॉवेलासाठीचा ‘हावलू’ हा तुर्की शब्दही ‘लव असलेले’ याच अर्थाचा असल्याचे मानले जाते. इंग्लंडमधील क्रिस्टी घराण्यातील एका व्यापाऱ्याने तुर्कस्तानातून याचा नमुना आणला व सॅम्युएल होल्ट याने तो यंत्रावर विणण्याची युक्ती १८५०च्या सुमारास बसवली, असे सामान्यतः सांगितले जाते. १८५१च्या लंडन प्रदर्शनात हा टॉवेल मांडला गेला होता. नमुना आणणारा हेन्री क्रिस्टी की त्याचा भाऊ, याविषयी निवेदने जुळत नाहीत. एका देशाचा नमुना दुसऱ्या देशाने उचलून यंत्रावर बसवायचा, हा आजच्या खरेदी-व्यवहाराचा पाया त्या घटनेतही दिसतो.

वीण : साध्या कापडाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, एक बीम (धागे गुंडाळलेला रूळ) पुरते, टॉवेलाला दोन लागतात. पायाच्या ताण्याचे बीम घट्ट ताणलेले असते, तर फासाच्या ताण्याचे बीम सैल सोडलेले असते. सर्वांत प्रचलित अशा तीन आडव्या धाग्यांच्या विणीत पहिले दोन धागे टाकल्यावर फणी (आडवे धागे ठोकून बसवणारी चौकट) ते कापडाच्या कडेपर्यंत नेत नाही, थोडे अंतर मोकळे ठेवते. तिसरा धागा पडल्यावर फणी पूर्ण मारा करते आणि तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात. पायाचा ताणा ताठ असल्याने आडवे धागे त्याच्यावरून घसरतात. फासाचे सैल धागे मात्र त्यांच्या पकडीत सापडून पुढे ढकलले जातात व दोन्ही अंगांवर कमानीसारखे उभे राहतात. मोकळ्या सोडलेल्या अंतरावर फासाची उंची, उंचीवर सुताचा खप आणि खपावर टॉवेलाचे वजन अवलंबून असते. जेवढ्या लांबीचे कापड उतरते त्याच्या कित्येक पट लांबीचे फासाचे सूत त्यात जिरते, म्हणून सूतबाजारातील चढउताराचा फटका साध्या कापडापेक्षा टॉवेलाला जास्त बसतो.

परदेशी सौद्यात दर चौरस मीटरचे वजन, म्हणजे व्यवसायातील ‘जीएसएम’, हे मुख्य परिमाण असते. ७० गुणिले १४० सेंमी मापाचा, ४५० जीएसएमचा टॉवेल काट्यावर ४४१ ग्रॅम भरला पाहिजे. बीमचा ताण किंचित बिघडून वजन पाच टक्क्यांनी उतरले, तर प्रत्येक नगामागे सुमारे २२ ग्रॅम कमी पडतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण तपासनिसाच्या काट्याला दिसतो आणि सबंध गठ्ठे अडकतात. वजन सांभाळण्याचे कसब जॉबर (माग जुळवणारा मिस्त्री) आणि माग चालवणारा कामगार यांच्या हातात असते. निर्यातीवरील बहुतेक लेखनात या कसबाला पुरेशी जागा मिळालेली नाही, ही उणीव येथे आवर्जून नोंदवावी लागते.

शहर व विणकर : थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात येथे विणकरांची पेठ वसल्याची परंपरा सांगितली जाते. तेलंगण भागातून आलेल्या तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचे मोठे स्थलांतर मात्र एकोणिसाव्या शतकात, टप्प्याटप्प्याने झाले असावे. १८७६–७८च्या दुष्काळाला कोणी निर्णायक मानतात, कोणी आधीपासून चालत आलेल्या ओघातील एक मोठी लाट समजतात. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत आजही घरी तेलुगू आणि व्यवहारात मराठी चालते. लोहमार्ग १८६०च्या सुमारास आला. ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७०च्या दशकात उभी राहिली. ही गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडल्यावर केंद्र सरकारने १९५० मध्ये खास कायदा करून तिचा ताबा घेतला आणि त्यावरील चिरंजीतलाल चौधरी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या निवाड्यांत गणला जातो. पुढील दशकांत गिरण्या एकेक करून थंडावल्या व विणकाम लहान यंत्रमाग कारखान्यांत विखुरले. टेरी टॉवेलाचा प्रसार साधारणतः याच, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काळातला मानावा लागतो.

कोट्याचा काळ : सोलापुरी टॉवेलाचे परदेशातील स्थान केवळ स्वस्त मजुरीने ठरले, हे सर्रास केले जाणारे विधान अपुरे आहे. १९६१ व १९६२च्या सुती कापडविषयक करारांपासून विकसित देशांनी आयातीवर संख्यात्मक मर्यादा, म्हणजे कोटे, घातल्या आणि १९७४ ते १९९४ या काळातील बहुतंतू करारात, म्हणजे मल्टिफायबर अ‍ॅरेंजमेंटमध्ये, त्या लोकर व कृत्रिम धाग्यांवरही लागू झाल्या. प्रत्येक वस्तूला वर्ग-क्रमांक होता. सुती टेरी टॉवेल अमेरिकेच्या यादीत वर्ग ३६३ मध्ये, तर युरोपीय यादीत टेरी कापडासह वर्ग ९ मध्ये मोडत असे. वर्षाचा कोटा संपला की गिऱ्हाईक तयार, माल तयार, तरीही जहाजात चढवता येत नसे. भारतात या वाटपात, तयार कपडे सोडून इतर सुती मालासाठी, १९५४ साली स्थापन झालेल्या टेक्सप्रोसिल या सुती वस्त्र निर्यात परिषदेची भूमिका मोठी होती. कोट्याचा बराच भाग ‘मागील कामगिरी’वर मिळत असल्याने जुन्या निर्यातदारांची, विशेषतः मुंबईतील व्यापारी पेढ्यांची, पकड पक्की झाली. ज्याच्याकडे माग होता त्याच्याकडे कोटा असेलच असे नव्हते. त्यामुळे सोलापूरचा मागवाला बराच काळ दुसऱ्याच्या नावावर विणत राहिला.

१९९५च्या वस्त्र व कपडे करारानुसार हे निर्बंध चार टप्प्यांत उठवायचे होते : १९९५ मध्ये १६ टक्के, १९९८ मध्ये १७, २००२ मध्ये १८ आणि उरलेले ४९ टक्के १ जानेवारी २००५ रोजी. आयातदार देशांनी संवेदनशील वर्ग शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवले, म्हणून खरा बदल एका दिवसात झाला. त्यानंतर युरोपीय संघाने व अमेरिकेने चीनच्या काही वर्गांवर २००५ मध्येच पुन्हा मर्यादा आणल्या; ही काही वर्षांची उसंत इतर देशांना मिळाली.

जकात व स्पर्धा : कोटा गेला तरी जकात राहिली. आंतरराष्ट्रीय व्यापारातील वस्तूंच्या वर्गीकरणाच्या, म्हणजे सुसूत्रित संकेतांकाच्या (एचएस कोड), ६३व्या प्रकरणात ६३०२.६० या क्रमांकाखाली सुती टेरी टॉवेल येतो. त्यावरील अमेरिकेची सर्वसाधारण जकात ९.१ टक्के असून युरोपीय संघाची १२ टक्के आहे. युरोपीय बाजारात दीर्घकाळ भारतीय टॉवेलाला विकसनशील देशांसाठीच्या सवलतीनंतरही ९.६ टक्के भरावे लागत, तर बांगलादेशाला २००१ पासून आणि पाकिस्तानला १ जानेवारी २०१४ पासून शून्य जकातीचा लाभ होता. टॉवेल-निर्यातीत पाकिस्तान जुना व भक्कम प्रतिस्पर्धी असल्यामुळे हा फरक तयार कपड्यांपेक्षा टॉवेलात अधिक जाणवला. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील अतिरिक्त आकारणी ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा टॉवेलावरील एकूण भार मूळ जकातीसह ५९.१ टक्के झाला. लहान कारखानदाराच्या हातातील नफ्याच्या कितीतरी पट हा आकडा होता.

ऑर्डरचा प्रवास : समाजशास्त्रज्ञ गॅरी गेरेफी यांनी १९९४ मध्ये वस्त्रव्यवसायाला ‘खरेदीदाराच्या हाती सूत्रे असलेली साखळी’ म्हटले. सोलापूरला हे वर्णन बहुतांशी लागू पडते, मात्र मधल्या कड्या येथे अधिक आहेत. आयातदार, त्याचे खरेदी कार्यालय, निर्यातदार, कारखानदार आणि मजुरीवर विणून देणारा मागवाला अशी उतरंड असते. आधी रंगाचा लहान नमुना मंजूर होतो, मग विणीचा, मग पॅकिंगचा. सूत रंगवून बीम भरले जाते, जेकार्ड या नक्षीच्या यंत्रावर नक्षी चढते, विणलेले ताके धुऊन, वाळवून, कापून कडा शिवल्या जातात. आडव्या धाग्याच्या कांड्या भरणे, धागे छाटणे व घड्या घालणे या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. भाव प्रायः ‘एफओबी’ म्हणजे जहाजावर चढवून देण्यापर्यंतचा ठरतो, त्यामुळे न्हावा-शेवा बंदरापर्यंतचे भाडे व जोखीम विकणाऱ्याची असते. पैसे पतपत्रावर (बँकेच्या हमीवर) किंवा माल पोचल्यानंतर ठरलेल्या मुदतीने मिळतात. सुताचे पैसे मात्र सूतबाजारात त्याआधीच मोजावे लागतात. या दोन तारखांमधील अंतर कोण सोसतो, यावर लहान कारखाना टिकतो किंवा बुडतो.

अटी व सुरक्षितता : जर्मनीने १९९०च्या दशकात आरोग्यास घातक अशा काही अझो (रासायनिक) रंगांवर बंदी घातल्यावर भारतातही १९९७ मध्ये तशी बंदी आली आणि रंगाच्या डब्यापासून तपासणी सुरू झाली. पाणीटंचाईच्या या शहरात रंगाई व सांडपाणी हा खर्चाचा कठीण भाग आहे. बांगलादेशातील सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, त्यानंतर परदेशी खरेदीदार इमारती व अग्निसुरक्षेची पाहणी करू लागले. या पाहण्या मुख्य पुरवठादारापर्यंत पोचतात, मजुरीवर विणणाऱ्या शेडपर्यंत क्वचित. सोलापुरात राहणे आणि विणणे अनेक ठिकाणी एकाच छताखाली चालते. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला; त्यांत मालकाचे कुटुंबीयही होते आणि कामगारही.

तयार कपडे : शालेय व व्यावसायिक गणवेशांची शिलाई हा शहराचा दुसरा, तुलनेने नवा व्यवसाय होय. २०१७ पासून त्यासाठी प्रदर्शने भरवली जात असून परदेशी खरेदीदारांना तेथे आमंत्रण असते.

नाव व चिठ्ठी : मालाचे नाव त्याच्या मूळ ठिकाणापुरते राखून ठेवणारा भौगोलिक संकेत कायदा १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला व त्यानंतर लवकरच सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींची नोंदणी झाली. ही नोंदणी भारतापुरती असते. परदेशी बाजारात संरक्षण हवे तर त्या त्या देशाच्या कायद्यानुसार स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. देशांतर्गत बाजारात, जेथे इतर ठिकाणचा मालही ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो, तेथे तिचा उपयोग अधिक आहे. निर्यातीच्या मालावर कडेच्या शिवणीत जी चिठ्ठी बसते ती आयातदाराने पाठवलेली असते. तिच्यावर त्याचे नाव, धुण्याच्या सूचना आणि उत्पत्तीचा देश म्हणून ‘भारत’ एवढाच मजकूर असतो. सोलापूर हे नाव बीजकावर, माल पाठवणाऱ्याच्या पत्त्यात येते.