फ्लास्कमधून टाकीत: पेनिसिलिनने दाखवलेली वाट

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये जंतुसंसर्गाने जर्जर झालेल्या एका रुग्णाला पेनिसिलिन टोचलं गेलं. त्याला उतार पडू लागला आणि औषधच संपलं. महिन्याभरात तो दगावला. औषध गुणकारी आहे यात शंका उरली नव्हती, पण पसरट भांड्यांत, अगदी बेडपॅनमध्येसुद्धा, बुरशी वाढवून मिळणारा माल एका माणसालाही पुरत नव्हता.

त्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये या औषधावर काम करणारे शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली बुरशी घेऊन अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत गेले. शेतमालाचे नवे उपयोग शोधणं हे तिचं नेमून दिलेलं काम. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजवलेल्या पाण्याचा दाट द्राव उरतो. तिथल्या अँड्र्यू मॉयर यांनी तो बुरशीला खाद्य म्हणून दिला, ग्लुकोजच्या जागी लॅक्टोज घातलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. हीटली काही महिने मॉयर यांच्याच टेबलाशी काम करत राहिले, नंतर मर्क कंपनीत गेले. मला या सगळ्या हकिगतीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं. शोधनिबंधात न मावणारं बरंच काही हीटलींच्या हातात होतं आणि ते हात कारखान्यापर्यंत पोहोचले.

तरीही बुरशी पृष्ठभागावरच वाढत होती, कारण तिला हवा लागते. मोठ्या टाकीत ती खोलवर वाढवायची तर तळातून सतत हवा सोडायची, ढवळत राहायचं, फेस आवरायचा, आणि एवढ्या हवेबरोबर एकही परका जंतू आत येऊ द्यायचा नाही. काही जंतू पेनिसिलिन फोडणारं विकर (एन्झाइम) सोडतात, म्हणजे एक चूक झाली की आख्खी बॅच वाया. इथे फायझरचा आंबवण्याच्या उद्योगातला जुना अनुभव कामी आला. मार्च १९४४ मध्ये ब्रुकलिनला कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्यात प्रत्येकी सुमारे २८ हजार लिटरच्या १४ टाक्या होत्या.

आकार वाढला की अडचणी नुसत्या वाढत नाहीत, बदलतात. भांड्याची लांबी, रुंदी, उंची १० पट केली की आतलं घनफळ १,००० पट होतं, पण बाहेरचा पृष्ठभाग फक्त १०० पट. म्हणजे प्रत्येक लिटरमागे उष्णता बाहेर जायला दहावा हिस्साच जागा उरते. फ्लास्कमध्ये आपोआप निवणारी प्रक्रिया टाकीत तापते, आणि ती थंड ठेवण्याची सोय मुद्दाम करावी लागते. ही माहिती पेटंटमध्ये सापडत नाही. त्यासाठी मधल्या आकाराचा पायलट प्लँट उभारून चुका तिथेच करून घ्याव्या लागतात.

आणि नेमका याच टप्प्याला कोणी वाली नसतो. तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजण्यासाठी नासात १९७० च्या दशकात सुरू झालेली फूटपट्टी आता ९ पायऱ्यांची आहे. सरकारी प्रयोगशाळेचं काम बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, म्हणजे प्रयोगशाळेत कल्पना सिद्ध झाल्यावर, थांबतं, कंपन्यांना सहावी-सातवी गाठलेला, म्हणजे खऱ्यासारख्या परिस्थितीत नमुना चालवून पाहिलेला माल हवा असतो. मधला खर्च मोठा, यशाची खात्री नाही.

अमेरिकेने १९८० मध्ये तंत्रज्ञान उद्योगांपर्यंत पोहोचवणं हा सरकारी प्रयोगशाळांच्या कामाचाच भाग ठरवला. १९८६ च्या कायद्याने त्यांना कंपन्यांशी संयुक्त संशोधनाचे करार करायची मुभा मिळाली. अशा करारात प्रयोगशाळा माणसं, उपकरणं, जागा देऊ शकते, कंपनीला पैसे मात्र देऊ शकत नाही. कंपनी पैसेही देऊ शकते. ही अट मला रास्त वाटते, कारण कंपनीचं स्वतःचं काहीतरी पणाला लागतं.

तरी अनेक ठिकाणी प्रयोगशाळा आणि कंपनीतली बोलणी परवाना आणि रॉयल्टीच्या टक्क्यांवरच अडकतात. माझ्या मते करारात आधी हे लिहिलेलं असावं: शास्त्रज्ञ किती महिने कारखान्यात बसणार, कंपनीचे अभियंते प्रयोगशाळेत किती काळ शिकणार, आणि पहिल्या काही बॅच फसल्या तर दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार.