दात दिसले म्हणजे हसू नव्हे

भेटकार्डांवर आणि जुन्या जाहिरातींत चिंपांझी तोंड फाकवून, वरखाली सगळे दात दाखवत 'हसताना' दिसतो. आपल्याला वाटतं, गडी खूश आहे. प्रत्यक्षात चिंपांझींमध्ये ही घाबरल्याची खूण असते. खेळात रमलेल्या चिंपांझीचं तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात ओठाआड राहतात. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने हॅम नावाच्या चिंपांझीला अवकाशात पाठवलं. साडेसोळा मिनिटांच्या उड्डाणानंतरचा त्याचा 'हसरा' फोटो जगभर छापला गेला. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांना मात्र त्याच चेहऱ्यावर टोकाची भीती दिसली. अमेरिकेतल्या पाळीव चिंपांझींची कथा बरीचशी या चुकीच्या वाचनातून घडली आहे.

चिंपांझीला घरातलं मूल म्हणून वाढवायची कल्पना आधी प्रयोगशाळेतून आली. १९३१ मध्ये विन्थ्रॉप केलॉग या मानसशास्त्रज्ञाने गुआ नावाचं साडेसात महिन्यांचं पिल्लू घरी आणलं आणि आपल्या दहा महिन्यांच्या मुलाबरोबर वाढवलं. दोघांना सारखेच कपडे, सारखंच जेवण, सारखेच लाड. नऊ महिन्यांत प्रयोग गुंडाळावा लागला. गुआ बोलायला शिकली नाही. उलट मुलगाच तिच्यासारखे आवाज काढू लागला, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. शास्त्रज्ञांची हौस फिटली, पण लोकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलं: डायपर बांधलेला, चमच्याने जेवणारा, आई-बाबांच्या मांडीवर बसणारा चिंपांझी. पुढे सर्कस, टीव्हीवरच्या मालिका आणि जाहिरातींनी हे चित्र घराघरात नेलं. त्यात दिसायची ती बहुतेक पिल्लं असत. पूर्ण वाढलेला, पूर्ण ताकदीचा नर कॅमेऱ्यासमोर आणायची कुणाची छाती नव्हती.

या चित्राचे परिणाम पुढे मोजलेही गेले. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की, गोरिला आणि ओरांगउटान संकटात आहेत हे लोकांना माहीत असतं, पण चिंपांझींबद्दल तसं वाटणारे कमी. कारण साधं होतं. जो प्राणी रोज टीव्हीवर दिसतो, तो दुर्मीळ कसा असेल?

कायद्याची वाटही वाकडीच होती. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आवर घालणारा 'साइट्स' करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू झाला. त्याच वर्षी अमेरिकेने पाळण्यासाठी माकडं व वानरं आयात करायला बंदी घातली. तेव्हाची मुख्य चिंता रोगराईची होती, चाव्याची नव्हती. चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायलाही त्याच वर्षी बंदी आली, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेला जंतूंची बाधा होत होती. पण आयात थांबली म्हणजे विक्री थांबली असं नाही. देशातच पैदास करणारे होते. शिवाय एक चमत्कारिक सोय होती: जंगलातला चिंपांझी कायद्याने 'संकटग्रस्त', पण अमेरिकेत पिंजऱ्यात जन्मलेला चिंपांझी त्याहून खालच्या वर्गात. एकाच जातीचे कायद्यात असे दोन भाग २०१५ पर्यंत टिकले.

पैदास करणाऱ्यांची रीत ठरलेली होती. आईपासून पिल्लू जितक्या लवकर तोडावं तितकं ते माणसाला चिकटतं. जंगलात चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं. इथे ते काही दिवसांत विकलं जाई.

ट्रॅव्हिस असाच आला. १९९५ मध्ये मिझुरीत जन्मलेलं हे पिल्लू तीन दिवसांचं असताना कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डच्या एका जोडप्याने ५० हजार डॉलरला विकत घेतलं. त्यांचा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा व्यवसाय होता, आणि ट्रॅव्हिस त्यांच्या गाडीतून गावभर फिरायचा. तो किल्लीने कुलूप उघडायचा, कपडे चढवायचा, झाडांना पाणी घालायचा, टेबलाशी बसून जेवायचा आणि देठाच्या ग्लासातून वाइन प्यायचा. जाहिरातींतही तो झळकला होता. गावातले पोलीस त्याला नावाने ओळखत.

२००३ मध्ये गाडी सिग्नलला थांबलेली असताना कुणीतरी उघड्या खिडकीतून त्याच्या अंगावर काहीतरी फेकलं. ट्रॅव्हिसने पट्टा सोडला, दार उघडलं आणि त्या माणसाच्या मागे धावला. भर चौकात दोनेक तास वाहतूक ठप्प. कुणाला लागलं नाही, त्यामुळे तो प्रसंग गमतीचा किस्सा झाला. राज्याने पुढच्या वर्षी ५० पौंडांहून जड वानरं पाळण्यावर निर्बंध आणले, पण ट्रॅव्हिस आधीपासून घरात असल्याने त्याला वगळलं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्याच एका जीवशास्त्रज्ञाने वरिष्ठांना लेखी कळवलं की, हा प्राणी कधी ना कधी कुणाला गंभीर इजा करणार. ते टिपण फायलीत राहिलं.

१६ फेब्रुवारी २००९. ट्रॅव्हिस साधारण ९० किलोचा झालेला, जंगलातल्या नराहून कितीतरी जड. मालकिणीचा नवरा वारला होता आणि घरात आता ती दोघंच. त्या दिवशी तो बेचैन होता. नंतरच्या तपासणीत त्याच्या शरीरात झॅनॅक्स हे माणसांच्या अस्वस्थतेवरचं औषध सापडलं. गाडीच्या किल्ल्या घेऊन तो बाहेर पडला. मालकिणीने मैत्रिणीला मदतीला बोलावलं. ती त्याला वर्षानुवर्षं ओळखत होती. त्याला आत बोलवण्यासाठी मैत्रिणीने त्याचं एक आवडतं खेळणं हातात धरलं होतं. तो थेट तिच्यावर तुटून पडला. मालकिणीने फावड्याने मारलं, मग सुरी खुपसली, तरी तो थांबला नाही. शेवटी पोलिसाने गोळ्या झाडल्या, आणि ट्रॅव्हिस रक्त गाळत घरात, आपल्या पिंजऱ्यापाशी जाऊन मेला.

चिंपांझी माणसाच्या पाच-आठपट ताकदीचा असतो हे वाक्य तेव्हा सगळीकडे छापलं गेलं. त्याचा उगम १९२० च्या दशकातल्या कच्च्या चाचण्यांत आहे. २०१७ मध्ये स्नायूंचा नीट अभ्यास झाला तेव्हा, सारख्या वजनाला साधारण १.३५ पट, एवढाच फरक निघाला. म्हणजे धोका राक्षसी बळात नाही. धोका त्यांच्या भांडणाच्या पद्धतीत आहे. भांडणारे चिंपांझी चेहरा, बोटं आणि गुप्तांग यांवर तुटून पडतात. गुडॉल यांच्या टांझानियातल्या गोंबे जंगलातल्या नोंदी जगासमोर येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. १९७४ पासून चार वर्षं तिथल्या एका टोळीने दुसऱ्या टोळीतले नर एकेक करून मारले होते. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात एका माणसाला याच प्रकारच्या जखमा झाल्या होत्या. तो आणि त्याची बायको एकेकाळी आपण पाळलेल्या चिंपांझीला वाढदिवसाचा केक घेऊन भेटायला गेले होते. हल्ला करणारे दुसरेच दोघे होते, पिंजऱ्यातून सुटलेले.

स्टॅमफर्डच्या त्या बाईचे, मालकिणीच्या मैत्रिणीचे, दोन्ही हात, नाक, ओठ, पापण्या आणि चेहऱ्याच्या मधल्या भागातली हाडं गेली. डोळे वाचले नाहीत. पण सगळं कळत होतं.

इथून दुसरा इतिहास सुरू होतो, जखमींच्या पुढच्या जगण्याचा, आणि तो पहिल्याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्यांचे चेहरे उडायचे. शल्यविशारद हॅरॉल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१७ पासून इंग्लंडमधल्या सिडकपला अशा ५ हजारांहून अधिक सैनिकांवर ११ हजारांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या गावातले काही बाक निळे रंगवले होते. तिथे हे रुग्ण बसतात, तेव्हा पाहणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी, म्हणून. म्हणजे सोय बघणाऱ्याची होती. दुसऱ्या टोकाला मणका तुटलेले सैनिक होते. बेडसोअर म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला संसर्ग यांनी ते मरणारच, असं धरून त्यांना कोपऱ्यात ठेवलं जाई. १९४४ मध्ये डॉक्टर लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली, हातांना काम दिलं आणि २९ जुलै १९४८ ला १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकची मुळं त्या मैदानात आहेत. जीव वाचवण्याइतकंच पुढचं जगणं कसं असेल हेही वैद्यकाचं काम आहे, ही समज अशी सावकाश रुजली.

मग ते मोजायचं कसं, हा प्रश्न आला. १९९० च्या दशकात रुळलेली एक प्रश्नावली पाच गोष्टी विचारते: हालचाल, स्वतःची काळजी, रोजची कामं, वेदना, आणि चिंता किंवा उदासी. उत्तरांवरून अंक निघतो; १ म्हणजे पूर्ण आरोग्य, ० म्हणजे मृत्यू. काही अवस्थांना शून्याखालचाही अंक मिळतो, म्हणजे 'मरणापेक्षा वाईट'. हे अंक बहुतेकदा कोण ठरवतं? सर्वसामान्य लोक, त्या अवस्थेची नुसती कल्पना करून. आणि त्या पाच प्रश्नांत चेहरा कुठेच नाही, हेही मला कायम खटकतं.

कल्पना किती चुकते याचा एक आकडा प्रसिद्ध आहे. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना विचारलं, मणक्याला गंभीर इजा झाली तर जिवंत असल्याचा तुम्हाला आनंद वाटेल का? १८ टक्के 'हो' म्हणाले. प्रत्यक्ष तशी इजा झालेल्यांपैकी 'हो' म्हणणारे ९२ टक्के होते. आणि पहिल्या तासांत निर्णय घेणारे असतात ते १८ टक्केवाल्यांच्या गटातले. याचा अर्थ जखमी माणूस सुखात असतो असा काढू नये. दुखणं, परावलंबन, खर्च, एकटेपणा हे सगळं खरंच असतं. पण 'असं जगण्यापेक्षा गेलेलं बरं' हे वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडचं असतं.

चेहऱ्याचं पहिलं प्रत्यारोपण २७ नोव्हेंबर २००५ ला फ्रान्समधल्या आमियाँला झालं, अंशतः. त्या महिलेचा चेहरा तिच्याच पाळलेल्या कुत्र्याने फाडला होता. विदेशी प्राण्यांविरुद्ध लिहिताना हे विसरू नये. शरीराला परका अवयव नाकारू देऊ नये म्हणून औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि त्यांनी संसर्ग, मूत्रपिंडाचे विकार आणि कर्करोगाची शक्यता वाढते. मूत्रपिंड बदलताना हा सौदा पटतो, कारण पर्याय मृत्यू किंवा डायलिसिस असतो. चेहऱ्यासाठी, जगण्यावाचून अडत नसताना, हा धोका पत्करावा का? यावर वैद्यकात बराच वाद झाला. आजवर जगभरात ५० च्या आसपास चेहरे बदलले गेले आहेत. २०२४ च्या एका आढाव्यात पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ७४ टक्के चेहरे टिकून असल्याचं दिसलं.

२०११ च्या मे महिन्यात बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात बोहदान पोमाहाच यांच्या पथकाने स्टॅमफर्डच्या त्या बाईला नवा चेहरा आणि दोन हात बसवले. शस्त्रक्रिया सुमारे २० तास चालली. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता. इराक-अफगाणिस्तानातून स्फोटात चेहरा गमावलेले जवान परतत होते, त्यांच्यासाठी हे तंत्र हवं होतं. चेहरा टिकला. वास घेता येऊ लागला, घास चावता येऊ लागला. त्याआधी नळीने प्यावं लागत होतं. हात मात्र टिकले नाहीत. न्यूमोनिया झाला, रक्ताभिसरण ढासळलं आणि काही दिवसांत ते काढावे लागले.

बातम्यांचे मथळे चेहऱ्याचे होते. पण डोळे गेलेल्या माणसाच्या बाजूने विचार करून पाहा. चेहरा तिला स्वतःला दिसणार नव्हता, तो इतरांसाठी होता. हात असते तर पांढरी काठी धरता आली असती, ब्रेल वाचता आलं असतं, कप कुठे ठेवलाय ते चाचपता आलं असतं, कुशीवर वळताना पांघरूण ओढून घेता आलं असतं. आंधळ्या माणसाचे डोळे बोटांत असतात, आणि गेले होते ते नेमके तेच.

पुढे, परका अवयव नाकारला जाऊ नये म्हणून घ्यायची औषधं हळूहळू कमी करता येतात का, हे पाहणाऱ्या लष्करी खर्चाच्या प्रयोगात ती बाई सहभागी झाली. २०१६ मध्ये शरीराने चेहरा नाकारण्याची लक्षणं दाखवली, तेव्हा प्रयोग सोडून पुन्हा जुन्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या.

कायदे मधल्या काळात तुकड्यातुकड्याने बदलले. हल्ल्यानंतर काही दिवसांतच अमेरिकी प्रतिनिधीगृहाने माकडं-वानरं पाळण्यासाठी राज्याराज्यांतून होणारी ने-आण थांबवणारं विधेयक ३२३ विरुद्ध ९५ मतांनी संमत केलं, आणि ते सिनेटमध्ये अडकलं. २०११ मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिलला एका मालकाने आपल्या प्राण्यांचे पिंजरे उघडून दिले. पोलिसांना मारावे लागलेल्या प्राण्यांत १८ वाघ होते. पुढच्याच वर्षी त्या राज्यात कायदा झाला. वाघ-सिंह खासगीत पाळण्यावर देशभर बंदी यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

मालकीण २०१० मध्ये वारली. तिच्या मालमत्तेतून जखमी मैत्रिणीला सुमारे ४० लाख डॉलर देण्यावर २०१२ मध्ये तडजोड झाली. आयुष्यभराच्या शुश्रूषेपुढे ही रक्कम थोडकीच. मैत्रिणीला राज्यावरही १५ कोटी डॉलरचा दावा करायचा होता, पण तिथे राज्याला कोर्टात खेचायला राज्याचीच परवानगी लागते. अशा अर्जात आपलं जगणं किती उद्ध्वस्त झालं आहे ते पुनःपुन्हा मांडावं लागतं, आणि घरी परतून त्याच जगण्यात दिवस काढायचे असतात. २०१३ मध्ये दावा-आयुक्तांनी परवानगी नाकारली. २०१४ मध्ये ती स्वतः विधिमंडळाच्या समितीपुढे आली आणि बोलली. समितीनेही नकार दिला.