जिवाणूचा जनुक, पऱ्हाटीचं प्रथिन

जालना, परभणी, बीडकडे आता 'बीटी' हा शब्द इतका रुळलाय की दुकानात तो वेगळा सांगावाही लागत नाही. सरकीचं पाकीट मागितलं की ते बीटीचंच मिळतं. २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली, तिथून हे सुरू झालं. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणूनच 'बीटी') या जिवाणूचा एक जनुक पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बसवलेला असतो आणि त्यापासून क्राय१एसी हे अळीला मारक प्रथिन पानात, पात्यात, बोंडात तयार होतं. वाद झाले ते अळी मरते का, बियाणं महाग का, यावर. मला जास्त नवल वाटतं ते याचं, की जिवाणूचा जनुक पऱ्हाटीच्या पेशीला वाचता येतोच कसा? दोघांच्या वाटा फुटून अब्जावधी वर्षं झाली आहेत.

जनुक म्हणजे डीएनएवरची ए, टी, जी, सी या चार अक्षरांची ओळ. तिची आरएनएमध्ये नक्कल होते (तिथे टीच्या जागी यू येतो) आणि रायबोसोम (पेशीतला प्रथिन बनवणारा कारखाना) ती तीन-तीन अक्षरांनी वाचत जातो. असे ६४ त्रिक होतात. त्यातले ६१ वीस अमिनो आम्लांसाठी (प्रथिनाच्या साखळीतले मणी), उरलेले तीन 'थांबा' सांगणारे. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाय यांनी १९६१ मध्ये जिवाणू फोडून काढलेल्या रसात नुसत्या यूचीच माळ टाकली, तर एकट्या फिनाइलअ‍ॅलानिनची साखळी तयार झाली. म्हणजे यूयूयू हे फिनाइलअ‍ॅलानिनचं त्रिक. पुढची बरीच त्रिकं हरगोविंद खोराना यांच्या कामामुळे उलगडली. १९६८ च्या नोबेलमध्ये निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत तेही होते.

पण यूयूयूला फिनाइलअ‍ॅलानिनच आणायचं, हे ठरवतं कोण? रायबोसोम नाही. अमिनो आम्लं वाहून आणतात टीआरएनएचे छोटे रेणू. त्यांच्या एका टोकाला त्रिकाशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. मोंढ्यात पोत्याची चिठ्ठी वाचून पोतं थप्पीला लावावं आणि आत तूर आहे की हरभरा ते उघडून पाहू नये, तसा रायबोसोमचा कारभार. १९६२ मध्ये हे पडताळूनही पाहिलं गेलं. सिस्टीनच्या टीआरएनएवरचं सिस्टीन रासायनिक क्रियेने अ‍ॅलानिनमध्ये बदललं, तर रायबोसोमने सिस्टीनच्या जागी खुशाल अ‍ॅलानिन जोडून टाकलं.

म्हणजे सगळी भिस्त चिठ्ठी लावणाऱ्यांवर. प्रत्येक अमिनो आम्लाला त्याच्या टीआरएनएशी जोडणारं एक खास विकर (एन्झाइम) असतं. आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन यांच्यात फरक एका कार्बनचा. चुकून व्हॅलीन लागलं, तर आयसोल्यूसीनच्या विकरात ते तोडून टाकायला एक वेगळी खाच आहे. त्रिकांचा हा तक्ता जिवाणूत आणि पऱ्हाटीत एकच आहे, म्हणून हा जनुक इथे चालतो. क्राय१एसीत सुमारे १२०० अमिनो आम्लं आहेत. आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या पेशीतला रायबोसोम सेकंदाला पाच-सहा जोडतो असं धरलं, तर एक रेणू तीन-चार मिनिटांत तयार.

तरी जनुक जसाच्या तसा टाकून भागलं नाही. एकाच अमिनो आम्लाला अनेक त्रिकं असतात, ल्यूसीनला तर सहा, आणि प्रत्येक जीवाची आवड वेगळी. या जिवाणूची त्रिकं ए आणि टीने भरलेली. वनस्पतीत त्यांच्यापासून प्रथिन फारच कमी बनायचं. मग अमिनो आम्लांचा क्रम तोच ठेवून त्रिकं बदलली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तंबाखू आणि टोमॅटोच्या झाडांत प्रथिन शंभर पटीपर्यंत वाढलेलं दिसलं.

अळीनेही याच यंत्रणेतून वाट काढली. क्राय१एसी अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं, मग आतड्याला भोकं पडतात. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांत कॅडहेरिनचा आरएनए तयार होताना त्याचे तुकडे चुकीचे जोडले जात होते. त्यामुळे 'थांबा'चं त्रिक मध्येच येतं, प्रथिन अर्धवट राहतं आणि विषाला धरायला जागाच उरत नाही. बोलगार्ड २ या नंतर आलेल्या, दोन जनुकांच्या बीटी कपाशीतलं दुसरं प्रथिनही पुढे निष्प्रभ झालं, आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर बोंडं किडली.

४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी सरकी मिळायची, ती अळीत असा प्रतिकार पसरू नये यासाठी. कॅडहेरिनच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असली, तरी चांगल्या प्रतीवरून पुरेसं प्रथिन बनतं आणि अळी मरते. नॉन-बीटी ओळींत वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले, तर पुढची पिढी अशीच एक चांगली प्रत असलेली निघते. बऱ्याच रानांत ते पाकीट पेरलंच गेलं नाही. त्यात फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक रानात तसंच राखलं, की फेब्रुवारी-मार्चपर्यंत अळीला बीटीचीच बोंडं खायला मिळतात, आणि त्यातून जगतात त्या दोन्ही प्रती बिघडलेल्या अळ्या.