टाका तोच, कारणं वेगळी

लोकरीचा धागा दोन्ही हातांनी ओढून पाहा, फारसा ताणला जात नाही. त्याच धाग्याचा विणलेला तुकडा ओढा, तो ऐसपैस लांबतो आणि सोडला की आक्रसतो. ही करामत टाक्याच्या आकाराची. प्रत्येक टाका हा शेजारच्या वळशांत अडकलेला एक वळसा; ओढलं की तो अरुंद होऊन लांबतो. मागावरच्या कापडात धागे उभे-आडवे ताणून बसवलेले, त्यांना अशी मोकळीक कुठली!

टाचेवरून वळणारं, घोट्याला धरून बसणारं काहीतरी हवं, ही गरज या गुणाने भागली. सुयांवरच्या विणकामाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत इजिप्तमधले मध्ययुगीन सुती मोजे आहेत, ते उगाच नाही. पुढे युरोपात मोजे विणण्यावर कितीतरी घरं चालत. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम लीने मोजे विणणारं यंत्र बनवलं. हातांचं काम जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार नाकारला, असं सांगतात. यंत्र थांबलं नाही. हळूहळू पोटासाठी विणणं मागे पडलं आणि सुया सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात गेल्या.

महायुद्धांनी त्यांना पुन्हा कामाला लावलं. पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या खंदकांत सैनिकांचे पाय दिवसेंदिवस ओले राहून सडत. त्यावर उपाय म्हणजे वरचेवर कोरडे मोजे. ते घरोघरी विणले गेले. बोटांपाशी जाड शिवण आली तर तीच पायाला घासते, म्हणून टोकाचे टाके सुईने एकमेकांत बेमालूम गुंफायचे. हे जमायला मात्र चिकाटी लागते.

आज तयार मोजे सहज मिळतात, तरी लोक विणतातच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी उत्तरं दिली. जे वारंवार विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटतं असं जास्त प्रमाणात सांगितलं. अर्थात ही विणकामाची आवड असलेल्यांचीच साक्ष. शांत माणसंच जास्त विणत असतील, हेही शक्य आहे. पण सुलट-उलटची लय, हात गुंतलेले आणि डोकं अर्धं मोकळं, हा अनुभव मला तरी खोटा वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन होतं, तेव्हा जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणत. आज दहा ओळी आधीचा एक टाका चुकलेला दिसला की लोक तेवढ्यासाठी दहाही ओळी उसवतात आणि निवांत पुन्हा विणायला बसतात.