सुपरचार्जरआधीचं इंजिन: कम्प्रेशन उतरवायचं की नाही?

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, मोटारीपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत इंडियानातल्या लोकरीच्या गिरणीवाल्या दोघा भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे ते लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला वापरात आलं. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजच्या सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या गेल्या. १९२९ ची 'ब्लोअर' बेंटली तर सर्वांना ठाऊक आहे. कंपनीच्या संस्थापकाचा तिला ठाम विरोध होता. ताकद हवी तर इंजिनाची क्षमता वाढवा, असं त्याचं म्हणणं. १९३० च्या 'ल मां' शर्यतीत दोन्ही ब्लोअर गाड्या बाद झाल्या आणि त्याच कंपनीच्या बिनसुपरचार्जरच्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या.

आज कोणी सुपरचार्जरचं किट मागवलं की गॅरेजमध्ये पहिला वाद होतो तो कम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो त्या आकड्याचा. सिलिंडरमध्ये हवा जास्त गेली की दाबताना ती जास्त तापते. मग स्पार्कची ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन नॉक करतं. पूर्वीचं पेट्रोल इतक्या हलक्या प्रतीचं होतं की मुळातच कम्प्रेशन कमी ठेवावं लागे. पुढे पेट्रोल सुधारलं, कम्प्रेशन चढलं, पण 'सुपरचार्जर म्हणजे कम्प्रेशन उतरवणं' ही सवय सुटली नाही.

कारखान्यांनीही तेच केलं. टोयोटाच्या १.६ लिटर ४ए-जीई इंजिनाचं कम्प्रेशन ९.४ होतं, १९८६ ची सुपरचार्जरवाली आवृत्ती ८ वर आली. जनरल मोटर्सच्या ३८०० व्ही-६ इंजिनाचं ९.४ वरून ८.५ झालं. २००२ च्या सुपरचार्जरवाल्या मिनी कूपर एस मध्ये ते ८.३ होतं, साध्या कूपरमध्ये १०.६. हौशी मंडळींनी हे आकडे पाहिले आणि कित्ता गिरवला. गफलत इथेच झाली, असं माझं मत आहे. कारखान्याने कम्प्रेशन उतरवलं ते वेगळे पिस्टन घालून. घरगुती पद्धतीत हेडखाली (सिलिंडरच्या झाकणाखाली) जाड गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, किंवा एक जादा प्लेट सरकवली जाते, कारण ते स्वस्त पडतं.

पिस्टन वर आला की त्याची कड हेडच्या सपाट भागाला जवळजवळ टेकते. त्या चिंचोळ्या फटीतलं मिश्रण वेगाने मध्यभागी ढकललं जातं, घुसळतं आणि लवकर जळतं. फट रुंदावली की ही घुसळण मंदावते आणि कडेला राहिलेलं मिश्रण नॉकिंगला आयतं सापडतं. म्हणजे ज्या भीतीपोटी गॅस्केट जाड केलं, तीच वाढवून घ्यायची. शिवाय सुपरचार्जर बायपासवर असतो, म्हणजे जादा हवा कोंबत नाही, त्या वेळात, म्हणजे रोजच्या बहुतेक चालवण्यात, गाडी सुस्त होते ती वेगळीच.

या भीतीला एका हिशोबाने खतपाणी घातलं. कम्प्रेशन १०, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) अर्धा बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्मा, तर 'प्रभावी' कम्प्रेशन १५! आकडा पाहून छातीत धस्स होतं. पण त्यात इंटरकूलरने (दाबलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरने) हवा किती थंड केली, हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद झाला, स्पार्क किती उशिरा दिला, यातलं काहीच नाही. निस्सानने २०११ मध्ये मायक्राच्या १.२ लिटर सुपरचार्जर इंजिनात १३ कम्प्रेशन ठेवलं, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारून. २०१५ च्या सुपरचार्जरवाल्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये ते १० होतं.

तेव्हा पाच-सहा पीएसआय (अर्ध्या बारपेक्षा थोडा कमी) बूस्टसाठी धडधाकट इंजिन खोलू नये. तो पैसा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि नीट ट्यूनिंगवर घालवावा. बूस्ट त्याच्या बराच वर न्यायचा असेल तर मात्र फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टनला पर्याय नाही, आणि मग हवं ते कम्प्रेशन त्या पिस्टनमधूनच साधावं.

किट अमेरिकेचं असेल तर ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचा, आकडा जपून वाचावा. तिथे पंपावर दोन पद्धतींच्या मापांची सरासरी लिहितात. तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ९५-९६. पुण्या-मुंबईत कित्येक वर्षं साधं पेट्रोल ९१ चं मिळत होतं, त्यामुळे 'आकडा तोच आहे की' म्हणून निर्धास्त राहिलेले बरेच जण असतील. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल नॉकिंग आवरायला बरं, पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर पुन्हा तपासावे लागतात.

बाकीच्या तयारीवर फारसं दुमत नाही. आधी प्रत्येक सिलिंडरची कम्प्रेशन टेस्ट, एक पायरी थंड स्पार्क प्लग, अनेक पदरांचं स्टीलचं हेड गॅस्केट. इंजिन खोललंच तर पिस्टन रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, थोडा वाढवून घ्यावा. उष्णतेने रिंगची टोकं एकमेकांना भिडली तर ती अडकते आणि पिस्टनचा वरचा काठच तुटून निघतो.